शून्य म्हणजे झालं

मला पटकन ‘झालं’ म्हणणाऱ्यांचा राग येतो. पूर्वी येत नव्हता. आता प्लंबर ‘झालं’ म्हणाला की मी नळ सोडून बघते. नवरा म्हणाला, गॅस बंद केला, तरी मी स्वयंपाकघरात एक चक्कर मारून येते. त्याच्या मते माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. झालाच आहे. तो कुणी केला हे त्यालाही ठाऊक आहे, म्हणून तो पुढे काही बोलत नाही.

भाईंदर पूर्वेला केबिन रोडची गर्दी संपली की थोडं आत एक इंडस्ट्रियल इस्टेट आहे, तिथे पहिल्या मजल्यावर आमचा गाळा होता. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या भागीदाराचा. खालच्या मजल्यावर स्टीलच्या ताटांना पॉलिश व्हायचं, शेजारी प्लास्टिकची झाकणं ओतली जायची, आणि त्या सगळ्या खडखडाटात आम्ही दोघं टेबलावर वाकून बसायचो. आधी अंधेरीच्या एका कंपनीत आम्ही नऊ वर्षं शेजारीशेजारी काढली होती. ती कंपनी बंद पडली त्या दिवशी सगळे चेहरे पाडून उभे होते, आणि हा म्हणाला, “अर्ज टाकत कशाला फिरायचं यार? आपलंच काहीतरी करू.” तो भाईंदरचाच. मीही लग्नानंतर मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कला राहायला आले होते. मला ते लगेच पटलं. त्याच्यावर विश्वास ठेवायला मला कधी जोर लावावा लागला नाही, आणि आता तेच सगळ्यात जास्त झोंबतं.

आम्ही एक छोटा डबा बनवायचो. जुन्या यंत्रांना, वजनकाट्यांना, छापखान्यातल्या मशिनींना सिरियल पोर्ट असतो, तार जोडायची जुनी जागा. आजच्या कॉम्प्युटरना तो नसतो. आमचा डबा मध्ये बसून दोघांची गाठ घालून द्यायचा. डबा तो बनवायचा, त्याचा ड्रायव्हर मी लिहायचे. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुभाष्या. वरून प्रोग्रॅम हुकूम सोडतो, ड्रायव्हर तो डब्यातल्या चिपकडून करून घेतो आणि वर कळवतो, झालं की नाही. झालं असेल तर शून्य कळवायचं. नसेल तर चूक सांगणारा आकडा कळवायचा, म्हणजे प्रोग्रॅमला दुसरा मार्ग शोधता येतो. इतकं साधं आहे ते. माझ्या सासूबाईंनासुद्धा एका चहात समजलं होतं.

या कामात ब्रेक नावाची एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या जिव्हाळ्याची होती. सोसायटीत आपण बेलवरून माणूस ओळखतो. दूधवाल्याची एक, मुलीच्या दोन, शेजारणीची तुटक तुटक. पण कुणी बेल दाबूनच धरली, तर हातातलं टाकून आपण दाराकडे धावतो. ब्रेक तसा असतो. तारेवरून अक्षरं जातात तेव्हा तार क्षणभर खाली जाते, म्हणजे तिच्यातला विजेचा दाब उतरतो, आणि पुन्हा वर येते. ब्रेक पाठवायचा म्हणजे कुठल्याही अक्षराला लागेल त्यापेक्षा जास्त वेळ ती तार खाली दाबून धरायची. समोरच्या यंत्राला कळतं, हे अक्षर नव्हे, हे काहीतरी वेगळं आहे, हातातलं सोडून ऐकायला हवं.

आता दाबून धरणं सोपं वाटतं. पण ज्याला रीत नाही तो तिथेही घाण करून ठेवतो. आधी पाठवलेली अक्षरं अजून चिपमध्ये रांगेत असतात. ती पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबायला हवं, नाहीतर शेवटच्या अक्षराची मान कापली जाते. सांगितलं असेल तितका वेळ धरायचं, घाई करायची नाही. आणि सोडायचं. हे सोडायचं कसं विसरतात ते मी स्वतःवरून सांगू शकते.

पहिल्याच वर्षी केबिन रोडवरच्या एका सुक्या मेव्याच्या दुकानात आम्ही डबा बसवला होता. त्यांचा प्रोग्रॅम ब्रेक चालू करायचा आणि कधी कधी मध्येच बंद पडायचा. प्रोग्रॅम मेला तरी तार मोकळी करणं हे ड्रायव्हरचं काम, आणि ते मी लिहिलंच नव्हतं. तार तशीच दाबलेली राहायची आणि काटा मुका व्हायचा. ऐन दिवाळीच्या गर्दीत शेठ माझ्या अंगावर ओरडला, “मैडम, आपका डिब्बा मेरे काँटे को गूँगा कर देता है!” गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडणार तोच माझा भागीदार पुढे झाला आणि म्हणाला, “सेठ, वायरिंग मैंने गलत किया है. मैडम का काम एकदम बराबर है.”

वायरिंगमध्ये काही चूक नव्हती. शेठने त्याला पोटभर ऐकवलं आणि त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. परत येताना मी म्हटलं, “खोटं कशाला बोललास?” तर म्हणाला, “तुला रडू फुटलं असतं. मला सवय आहे.” मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की पाठीशी उभं राहणारा माणूस मिळाला. तो खोटं किती सहज बोलला, हे काही मी सांगितलं नाही. मला ते तेव्हा दिसलंच नाही.

त्या फजितीनंतर मी ड्रायव्हर पुन्हा लिहून काढला आणि ब्रेकच्या भागावर एक टीप लिहिली. कोडमध्ये टीप लिहिली तर यंत्र ती वाचत नाही, पुढचा माणूस वाचतो. मी लिहिलं होतं: ‘आधीचं संपू दे. मग धर. मग नक्की सोड. सोडल्यावर क्षणभर थांब. आणि चिपला जमत नसेल तर नाही म्हण, गप्प राहू नकोस.’ भागीदाराने ते वाचून मला चिडवलं होतं, “हे ड्रायव्हरला लिहिलंयस की नवऱ्याला?” नंतर त्याला थोडं कोड येऊ लागलं तेही मीच शिकवलं म्हणून. मी आजारी पडले तर गाळा अडू नये, इतकाच हेतू होता.

त्याच सुमारास आम्ही सहीची पद्धत पाडली. ज्याने डबा जोडला त्याने तो तपासायचा नाही. भागीदार जोडायचा, मी स्कोप लावून बघायचे. स्कोप म्हणजे तारेतली हालचाल पडद्यावर रेषेने दाखवणारं यंत्र. ब्रेक पाठवला की रेषा खाली बसते, ठरल्या वेळाने उठते. ते डोळ्यांनी बघितलं की एका छोट्या पांढऱ्या स्टिकरवर सही करायची आणि तो झाकणाच्या आतून चिकटवायचा. बाहेरून कुणाला दिसत नसे. पण आमच्या गाळ्यातून गेलेल्या प्रत्येक डब्याच्या पोटात माझी सही होती आणि मला त्याचा अभिमान होता.

आमच्या गिऱ्हाइकांत एक काकी होत्या. जुन्या भाईंदरात खाडीच्या बाजूला त्यांचा बर्फाचा कारखाना. कोळ्याच्या घरातल्या, नवरा गेल्यावर तीसेक वर्षं कारखाना त्यांनीच चालवला होता. लाद्यांचे डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीत उतरवायचे, ते पाणी गोठवणाऱ्या थंडीत ठेवायचं, दोन दिवसांनी लाद्या काढायच्या. गावातल्या होड्या त्यांच्याच बर्फावर समुद्रात जायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकी कॉम्प्रेसरच्या पाइपवर हात ठेवून उभ्या होत्या, ताप बघतात तसा. मला म्हणाल्या, “ये बाय. हा आमचा म्हातारा. कुरकुरतो, पन काम करतो.”

त्यांच्या कॉम्प्रेसरचा कंट्रोलर जुना होता. तो नुसता ऐकायचा. त्याने ऐकलं की नाही हे विचारायची सोय नव्हती. त्याला नवीन सेटिंग द्यायचं तर आधी ब्रेक द्यावा लागे, तरच तो कान द्यायचा. नाहीतर पॅनेलवरचं एक बटण दाबून धरावं लागे. मी काकींसाठी मराठीत एक स्क्रीन करून दिली. मासेमारी बंद असते त्या महिन्यांत ‘राखण’, म्हणजे यंत्र थोडं चालणार, थोडं थांबणार. हंगाम सुरू झाला की ‘पूर्ण जोर’. ड्रायव्हरने शून्य कळवलं की स्क्रीनवर यायचं, ‘सेटिंग बदललं.’ चूक सांगणारा आकडा आला तर यायचं, ‘ब्रेक गेला नाही. पॅनेलवरचं बटण दाबा.’

काकी टाकीत काचेचा थर्मामीटर सोडून बघायच्या. तो एकदा फुटला. दुसरा आणते म्हणाल्या तर मीच म्हटलं, “कशाला काकी? आता स्क्रीनवर बघायचं.” त्या हसून म्हणाल्या, “तू बोलतेस तर ऱ्हायला.” मला काय बरं वाटलं होतं तेव्हा!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्यात माझ्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून मी पंधरा दिवस माहेरी होते. काकींनी हंगाम आवरून ‘राखण’ लावली होती, आणि त्याच दिवसांत खाऱ्या हवेने त्यांचा डबा गंजून बंद पडला. माझा भागीदार जाऊन नवा डबा आणि नवा ड्रायव्हर बसवून आला. मला फोनवर म्हणाला, “काकींचं झालं. तू आईकडे बघ.” मी त्याचे आभार मानले.

नारळी पौर्णिमेच्या आधी काकींनी हंगामाच्या पहिल्या लाद्या लावल्या. ‘पूर्ण जोर’ दाबला, स्क्रीनवर ‘सेटिंग बदललं’ आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताटावर बसले होते, तेवढ्यात त्यांचा फोन.

“बाय, मशीन मधी मधी बसते.”

“स्क्रीनवर काय आलंय, काकी?”

“सेटिंग बदललं, असा आलाय. पन आवाज तसा न्हाय. जोरात असला की ऱ्हात न्हाय ना तो, चालूच असतो.”

“पाणी थंड झालं की बसणारच ना थोडं. स्क्रीनवर आलंय ना? मग झालं.”

त्या म्हणाल्या, “तू बोलतेस तर असंल.” मी फोन ठेवला आणि जेवले. आमटी गार झाली होती एवढंच मला तेव्हा लक्षात आलं. तीस वर्षं त्या आवाजाशेजारी झोपलेल्या बाईला मी कॉम्प्रेसर शिकवला, हे मला त्या क्षणी दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेले. हंगामाची पहिली लादी काढताना त्यांच्याकडे सगळं घर जमतं. पहिल्या लादीला काकी हळदकुंकू लावतात, आणि ती घरच्या होडीत जाते. त्या दिवशी होडीवर पुतणे वाट बघत उभे होते, मागे गावातल्या आणखी होड्या. लादी डब्यातून निघाली तेव्हा वरून छान पांढरी होती. काकींनी बोटं टेकवली, नमस्कार केला, आणि लादी घसरगुंडीवर सोडली.

ती अर्ध्यावर फुटली. आतून भळाभळा पाणी आलं. बाहेर चार बोटं बर्फ आणि आत सगळं पाणीच. दुसरी लादीही तशीच निघाली, तिसरीही. हळदीचा ओघळ त्या पाण्याबरोबर उंबऱ्यापर्यंत गेला. पुतण्यांपैकी एकजण म्हणाला, “काकी, आता?” आणि मागच्या होड्यांतले लोक एकेक करून वळून दुसऱ्या कारखान्याकडे चालू लागले. गेली तीस वर्षं हंगामाची पहिली लादी गावाला काकींनी दिली होती.

माझी पाचावर धारण बसली. पण तेव्हासुद्धा माझ्या मनात होतं, की कंट्रोलर गेला असणार. माझ्या स्कुटीच्या डिकीत हातातला छोटा स्कोप असतो. तो आणून मी तारेला लावला, काकींना म्हटलं, पुन्हा ‘पूर्ण जोर’ दाबा. त्यांनी दाबलं. स्क्रीनवर आलं, ‘सेटिंग बदललं.’ स्कोपवरची रेषा जागची हलली नव्हती. ब्रेकसाठी ती खाली बसायला हवी होती, आणि ती सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी. फक्त नंतरची अक्षरं गेली, तीही ब्रेकशिवाय गेल्यामुळे कंट्रोलरने सोडून दिली. मी पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा दाबायला लावलं. काकी मुकाट्याने दाबत होत्या.

मग मी डबा उघडला. आत भलतीच चिप होती. आमची नेहमीची नव्हे. बाजारात मिळणारी एक साधी, जिला ब्रेक देताच येत नाही. आणि झाकणाच्या आतून एक पांढरा स्टिकर, त्यावर माझी सही.

आता ती एक गोष्ट सांगायलाच हवी, जी मी इथपर्यंत सांगितली नाही. ती सही खोटी नव्हती. माझीच होती. मे महिन्यात निघायच्या आदल्या दिवशी भागीदार म्हणाला होता, “पंधरा दिवस माल अडकेल यार. स्टिकर सह्या करून ठेव ना, मी बघून लावतो.” मी चहा पिता पिता स्टिकरचा अख्खा कागद सह्या करून दिला होता. “बघूनच लाव हं,” असं म्हटलं होतं. आणि तो म्हणाला होता, “तू पण ना!”

काकींच्या दारातूनच मी त्याला फोन लावला. तो नेहमीसारखा मोकळा बोलत होता.

“काकींच्या डब्यात कुठली चिप टाकलीस?”

“अगं, ती आपली मिळत नव्हती तेव्हा. तुला सांगणार होतो.”

“तिला ब्रेक येत नाही.”

“माहितीये. सगळीकडे एरर येत होता, मग मी ड्रायव्हरमध्ये शून्य करून टाकलं.”

“काय केलंस?”

“ब्रेकला शून्य. एवढी काय चिडतेस? ब्रेक लागतो कुणाला आजकाल? लोकं एरर बघतात आणि फोन करकरून जीव खातात. शून्य दिलं की गप्प बसतात. कुणाची तक्रार आली का तीन महिन्यांत?”

तक्रार आली नव्हती, कारण आम्हीच सगळ्यांना झालं म्हणून सांगत होतो. मी त्याला हे ओरडून सांगितलं. बरंच काही सांगितलं, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, “घरी ये, शांतपणे बोलू.” केसानं गळा कापायचा आणि वर शांतपणे बोलू! मी फोन बंद केला. मग स्कोपची पिन तारेवरून ओढून काढली.

काकी मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कळलं किती कोण जाणे. मी वळून म्हटलं, “काकी, माझ्या भागीदाराने फसवलं मला. ड्रायव्हरमध्ये त्याने…” आणि मी भडाभडा सांगत सुटले, चिप, शून्य, एरर. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “त्याने तुला फसवला. बरा. पन मी तुला फोन केलता ना, बाय? मी बोल्ले, आवाज तसा न्हाय. तू मला इचारलास का, आवाज कसा हाय? तू इचारलास, ती पाटी काय बोलते.”

त्या एवढंच बोलल्या आणि फुटक्या लादीचे तुकडे पायाने बाजूला करायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात गेले तेव्हा तो माझ्या आधी आला होता. त्याने मला आवडणारे वडेही आणले होते. मी कॉम्प्युटर उघडून ड्रायव्हर काढला. माझी टीप जशीच्या तशी होती. ‘चिपला जमत नसेल तर नाही म्हण, गप्प राहू नकोस.’ आणि त्याच्या खाली त्याची एक ओळ. चिप कुठलीही असो, काही न करता शून्य. निदान टीप तरी पुसायची होती. माझ्याच अक्षरांच्या सावलीत बसून त्याने हे केलं, याचा मला त्या चिपपेक्षा जास्त संताप आला.

“एकदा तरी सांगायचंस मला,” मी म्हटलं. “एकच वाक्य. नवीन चिपला ब्रेक येत नाही. मी दोन दिवसांत तोडगा काढला असता.”

“तू आईजवळ होतीस. तुला टेन्शन नको म्हणून.”

“मला टेन्शन नको म्हणून तू काकींचा हंगाम बुडवलास?”

“मी बुडवला?” आता त्याचाही आवाज चढला. “मला सांग, दुकानात मी तुझ्यासाठी खोटं बोललो तेव्हा तुला बरं वाटलं होतं ना? तेव्हा नाही विचारलंस?”

तो मग ड्रॉवरकडे गेला आणि स्टिकरचा तो कागद काढून माझ्यासमोर ठेवला. अर्ध्याहून जास्त स्टिकर गेलेले. उरलेल्यांवर माझ्या सह्या ओळीने, एकसारख्या, अजून एकही डबा न बघता केलेल्या.

“सह्या तू केल्यास,” तो म्हणाला. “मी फक्त चिकटवल्या.”

मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. पण आपलेच दात, आपलेच ओठ. न बघता ‘बघितलं’ असं मी आधीच लिहून दिलं होतं. त्याची ती ओळ माझ्या सहीनंतर आली. हे मला पटतं आणि तरीही मी त्याला माफ केलेलं नाही. त्याच्या चुकीत माझीही चूक सापडली म्हणून त्याची काही कमी होत नाही. वडे तसेच राहिले. महिनाभरात आम्ही गाळा सोडला. तो आता कुठल्याशा कंपनीत आहे. दिवाळीला त्याचा शुभेच्छांचा निरोप येतो, मी उघडत नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी आधी ड्रायव्हर दुरुस्त केला. ज्या चिपला ब्रेक येतो तिथे रीतसर द्यायचा. जिला येत नाही तिथे स्पष्ट नाही म्हणायचं. पाचसहा ओळी. मग ज्यांच्याकडे तसे डबे गेले होते त्या सगळ्यांना एकेक करून फोन केले आणि सांगितलं, की आमचा डबा तुमच्याशी खोटं बोलतोय. काहींना त्याने काही फरक पडत नव्हता. एकजण तर म्हणाला, “चल रहा है ना मैडम, छेड़ो मत.”

लादी फुटली त्याच्या चौथ्या दिवशी मी काकींकडे गेले. टाकीत नवा काचेचा थर्मामीटर लटकत होता. कॉम्प्रेसर अखंड चालू होता. माझी वाट न बघता त्यांनी बटण दाबून त्याला जोरावर घातलं होतं. त्या पाइपवर हात ठेवून उभ्या होत्या. मी म्हटलं, नवीन ड्रायव्हर टाकते, आपली नेहमीची चिप मिळाली की डबाही बदलून देते. त्यांनी मानेने बरं म्हटलं.

मी ड्रायव्हर टाकला, ‘पूर्ण जोर’ दाबला. स्क्रीनवर आलं, ‘ब्रेक गेला नाही. पॅनेलवरचं बटण दाबा.’

काकी पुढे वाकल्या आणि एकेक अक्षर लावून त्यांनी ते वाचलं. परत वाचलं.

“यवढाच बोलायचा होता ना त्याला?” त्या म्हणाल्या. “मग बोलला का न्हाय?”

मी लॅपटॉप मिटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पदराला हात पुसले आणि आत जायला वळल्या. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, अगदी नीट, पाहुण्याला विचारतात तसं:

“चाय घेनार का, मॅडम?”